डाव आणि त्याचे पारखी

इ. स. १९७८ हे वर्ष पटावरच्या खेळांच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदवून ठेवण्याजोगे आहे, आणि त्या दोन कारणांचा परस्परांशी कधी काळी संबंध येईल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. त्या वर्षी वृत्तपत्रांतून खेळांची परीक्षणे लिहिणाऱ्या पश्चिम जर्मनीतील काही समीक्षकांनी एकत्र येऊन, दर वर्षीच्या उत्कृष्ट खेळास 'श्पील देस यारेस' नावाचे पारितोषिक द्यावयाचे ठरविले. त्याच वर्षी बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या मौज्यांच्या ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक सरकारच्या 'किऑनिक्स' या महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेनुसार, इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी केली. पहिल्या उपक्रमाने नव्या पटखेळांना प्रतिष्ठा मिळवून दिली; दुसऱ्याने एक असा सुशिक्षित, परगावाहून आलेला, आठवडाभर संगणकासमोर बसणारा समाज निर्माण केला की ज्याला शनिवारी-रविवारी चार माणसांच्या सहवासाची आणि बुद्धीस झुंजविणाऱ्या डावाची तहान लागावी. आज इलेक्ट्रॉनिक सिटीतील एखाद्या सदनिकेत जर्मन खेळाचा पट मांडून बसलेली, आणि डाव संपल्यावर त्या खेळाच्या गुणदोषांची तासभर चिकित्सा करणारी मित्रमंडळी ही या दोन प्रवाहांच्या संगमातून जन्माला आली आहेत.

परंतु हा संगम केवळ परदेशी मालाच्या आयातीचा वृत्तांत आहे असे मानणे म्हणजे दख्खनच्या स्वतःच्या दप्तराकडे पाठ फिरविणे होय. या भूमीत खेळ रचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. उणीव होती ती खेळाचे नियम नीट लिहून ठेवणाऱ्यांची आणि त्याची पारख करणाऱ्यांची. आणि जे खेळ टिकले, त्यांतील पुष्कळसे अशा एखाद्या लिहिणाऱ्याच्या हाताने टिकले, हेच मला या लेखात दाखवावयाचे आहे.

आरंभ कल्याणीच्या चालुक्यांपासून करणे उचित ठरेल. आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही ज्याची राजधानी, आणि कर्नाटकाबरोबरच महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर ज्याच्या घराण्याचा अंमल, अशा तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, पाकशास्त्र, संगीत, चित्रकला यांच्या पंक्तीस त्याने चतुरंग आणि फाशांचे खेळ यांनाही बसविले, ही गोष्ट सामान्य नव्हे. हंपीच्या मंडपांच्या फरशांवर कोरलेले पट आजही दिसतात. पण त्यांतील कोणत्या पटावर नेमका कोणता डाव कोणत्या नियमांनी मांडला जात होता, हे दगड सांगू शकत नाही. सोमेश्वराचे पान जे सांगते ते सांगण्याचे सामर्थ्य दगडात नाही, आणि म्हणूनच त्या राजाची लेखणी त्याच्या तलवारीपेक्षा अधिक काळ टिकली.

सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने 'भगवंतभास्कर' या धर्मनिबंधाच्या 'नीतिमयूख' या भागात बुद्धिबळाचे विवेचन केले. पेशवाईच्या उत्तरकाळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या दक्षिणी पंडिताने बुद्धिबळावर संस्कृतात 'विलासमणिमंजरी' रचली, आणि तिचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापून निघाले. पुढे १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे 'बुद्धिबळक्रीडा' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरल्ड मरे या इंग्रज संशोधकाने बुद्धिबळाचा जो बृहत् इतिहास लिहिला, त्यात हिंदुस्थानी बुद्धिबळाविषयीचे प्रकरण उभे करताना त्यास याच लेखकांचा आधार घ्यावा लागला.

या जुन्या परंपरेतील एक संकेत विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत केवळ मात केली म्हणून कोणाची पाठ थोपटली जात नसे. मात कशाने केली याला महत्त्व होते. वजिराने केलेली मात साधी, पण प्याद्याने केलेली, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची गणली जाई. याचा अर्थ असा की, विजय आणि विजयाची प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथील खेळाडूस ठाऊक होते. आणि जिथे प्रतीचा विचार सुरू होतो तिथे समीक्षेचा विचारही सुरू झालेला असतो. ओसरीवर पट मांडून बसलेल्या दोघांभोवती जी चार जाणती माणसे गोळा होत, ती निव्वळ प्रेक्षक नव्हती. डावाची पारख करणारी ती पंचायतच होती. मात्र तिचे निवाडे तोंडीच राहिले. त्यांची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही, आणि बैठक उठली की निवाडाही तिच्याबरोबर उठून गेला.

अशा नोंदीचे महत्त्व ज्याने पूर्णपणे ओळखले असा पुरुष म्हैसूरच्या गादीवर होऊन गेला. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर बालवयात राज्यारूढ झालेल्या तिसऱ्या कृष्णराज वडेयर यांच्या हातून १८३१ साली इंग्रजांनी प्रत्यक्ष कारभार काढून घेतला. आणि १८६८ साली देहावसान होईपर्यंतचा उरलेला काळ या राजाने विद्या, कला आणि खेळ यांच्या उपासनेत व्यतीत केला. 'श्रीतत्त्वनिधी' या त्याच्या सचित्र महाग्रंथातील 'कौतुकनिधी' हा भाग खेळांना वाहिलेला आहे. त्याने नवे पट रचले आणि ते रेशमावर छापवून घेतले. बुद्धिबळाच्या घोड्याने चौसष्ट घरांतून प्रत्येक घरी एकदाच जाण्याचे कूट त्याने नाना प्रकारांनी सोडविले. आणि पत्त्यांचे 'छद' नावाचे जे डाव त्याने निर्माण केले त्यांतील लहान डाव ३६ पानांचा, तर मोठ्यात मोठा ३६० पानांचा होता. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्याच्या भिंतींवर त्याचे काही पट आजही रंगविलेले पाहावयास मिळतात. सत्ता गेलेल्या राजाचा हा मनोविनोद होता असे म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, त्याच्या समकालीन संस्थानिकांपैकी कित्येकांचे मुलूख आणि मानमरातब विस्मृतीत गेले असता या राजाचे डाव मात्र अभ्यासकांच्या चर्चेत अद्याप जिवंत आहेत.

कृष्णराजांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १८७१ च्या सुमारास, आमच्या औरंगाबादच्या हरिकृष्ण शास्त्री या ज्योतिर्विदाने 'बृहज्ज्योतिषार्णव' या आपल्या विस्तीर्ण ग्रंथाचा एक भाग म्हणून 'क्रीडाकौशल्य' लिहिले, आणि त्यात नानाविध खेळांची कृती व पद्धती सांगितली. एका शास्त्र्याने ग्रहगणिताच्या शेजारी सोंगट्यांना स्थान द्यावे, यात त्याच्या काळच्या पुष्कळांना औचित्यभंग दिसला असेल. मला त्यात दूरदृष्टी दिसते. म्हैसूरची 'रामसन्स कला प्रतिष्ठान' ही संस्था पारंपरिक पटखेळांची जी प्रदर्शने भरविते, तीही 'क्रीडाकौशल्य' याच नावाने भरतात. मराठवाड्यातील एका शास्त्र्याच्या ग्रंथाचे नाव कन्नड मुलुखात आजही सन्मानाने उच्चारले जाते, ही मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे.

जेथे अशी लेखणी पोहोचली नाही, तेथे काय झाले? मोक्षपटाचा वृत्तांत यावर पुरेसा प्रकाश टाकतो. महाराष्ट्रातील परंपरा या खेळाचे श्रेय ज्ञानदेवांना देते; पश्चिम भारतातील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील अनेक पट आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांत वैष्णवांचे ७२ घरांचे, तर जैनांचे ८४ घरांचे प्रकार आढळतात. प्रत्येक घराला नाव होते. शिडी हे सद्गुणाचे आणि सर्प हे दुर्गुणाचे फळ होते. आणि खेळणाऱ्याची सोंगटी जन्मापासून मोक्षापर्यंतचा प्रवास करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला, आणि हळूहळू घरांची नावे गळून पडून त्याची मुलांची सापशिडी झाली. पचिशीचेही तसेच झाले. समोरासमोर बसणाऱ्या जोडीदारांचा, कवड्यांच्या दानावर चालणारा हा युक्तीचा खेळ. पण १८९६ साली इंग्लंडात ज्याचे पेटंट घेण्यात आले त्या लुडोत जोडीदारी संपली, कवड्या जाऊन एक फासा आला, आणि उरली ती केवळ शर्यत. पचिशीच्याच जातकुळीच्या ज्या सारीपाटात जेजुरीचा खंडोबा म्हाळसेकडून हरला आणि पैजेखातर बारा वर्षे घर सोडून बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखीत राहिला अशी कथा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, तो सारीपाट आमच्याच घरांतून लुडोच्या रूपात पुनः विकत घेतला गेला.

सावंतवाडीच्या गंजिफ्याचे प्राक्तन मात्र थोडे निराळे निघाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा पाने, असा १२० पानांचा हा दशावतारी डाव तिघांनी खेळावयाचा. दिवसा रामाच्या राजाने उतारी करावयाची आणि रात्री कृष्णाच्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही गोल, लाखकाम केलेली पाने घडविणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारकामाचा कारखाना सुरू करून ती कला सावरली. कला वाचली, ही मोठीच गोष्ट झाली. पण पाने भिंतीवर टांगण्यासाठी विकत घेणारे शंभर आणि ती हाती धरून डाव खेळणारा एखादा, अशी आजची अवस्था आहे. वस्तू जपली म्हणजे खेळ जपला असे होत नाही, कारण खेळ हा खेळणाऱ्यांच्या बैठकीतच असतो.

आता पश्चिमेकडे वळू. न्यूयॉर्कमध्ये पुलांच्या पोलादी बांधणीचे काम करणारा सिड सॅक्सन नावाचा एक स्थापत्य अभियंता होता. 'अ‍ॅक्वायर' या विख्यात खेळाचा हा जनक. पण त्याचे खरे ऋण त्याच्या नोंदींत आहे. कोणता खेळ कोणाबरोबर खेळला, कोणास पत्र लिहिले, कोणत्या कल्पनेत काय उणे वाटले, हे तो वर्षानुवर्षे रोजनिशीत लिहीत असे, आणि त्या रोजनिश्या आज रॉचेस्टरच्या खेळ-संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात खेळांचे नियम तर होतेच, शिवाय अखेरीस बाजारात उपलब्ध असलेल्या खेळांची संक्षिप्त परीक्षणेही होती.

जर्मनीत या वृत्तीचे संस्थेत रूपांतर झाले. 'श्पील देस यारेस'च्या परीक्षक मंडळात खेळ रचणारे व खेळ विकणारे यांना स्थान नाही. परीक्षक हे समीक्षकच असावयाचे. १९७९ साली पहिले पारितोषिक डेव्हिड पार्लेट या इंग्रज लेखकाच्या ससा-कासवाच्या शर्यतीवरील खेळास मिळाले. १९८३ साली एसेनचा वार्षिक मेळा सुरू झाला. आणि १९८८ साली न्यूर्नबर्गच्या खेळणी-जत्रेत तेरा रचनाकारांनी, पेटीवर आपले नाव छापल्याखेरीज कोणत्याही प्रकाशकास खेळ देणार नाही, असा करार हाताशी असलेल्या बिअरच्या पेल्याखालील पुठ्ठ्यावर लिहून त्यावर सह्या केल्या. मोक्षपटाच्या अनाम कर्त्यांचे स्मरण ठेवून हा प्रसंग वाचला म्हणजे त्या पुठ्ठ्याचे मोल कळते. कर्त्याचे नाव आले की कर्तृत्वाची तुलना येते, तुलनेतून परीक्षण येते, आणि परीक्षणातून पुढची अधिक चांगली रचना येते.

जर्मनीच्या या भूमीतून १९९५ साली 'कतान' उगवला. डार्मस्टाटजवळ कृत्रिम दात घडविण्याची प्रयोगशाळा चालविणाऱ्या क्लाउस टॉयबर याने तो घरी, बायकामुलांवर पारखून पारखून सिद्ध केला होता. एकोणीस षट्कोनी तुकड्यांचे बेट, दोन फासे, आणि दहा गुण मिळविणारा विजयी, ही त्याची बाह्य चौकट. पण त्याचे मर्म दानाच्या वाटपात आहे. सारीपाटात माझे दान माझेच; कतानमध्ये फासे कोणीही टाकोत, त्या आकड्याच्या भूमीवर ज्याची वसाहत असेल त्या प्रत्येकास उत्पन्न मिळते, म्हणून दुसऱ्याच्या पाळीतही मन पटावरून हलत नाही. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहावर सात पडते, सहा आणि आठ हे प्रत्येकी पाच वेळा. तेव्हा नशिबाचा हिशेब आधीच मांडता येतो, आणि तो चुकला तर विटा देऊन धान्य घेण्याची, मेंढी देऊन लाकूड मागण्याची घासाघीस मोकळी असतेच. शिवाय कोणीही मध्येच बाद होऊन पटाबाहेर बसत नाही. पुढे २००० साली 'कार्कासोन', २००४ साली 'तिकीट टू राइड', २००७ साली 'अग्रिकोला' आले. आणि २००८ साली मॅट लीकॉक या कॅलिफोर्नियातील संगणक-क्षेत्रातील रचनाकाराचा 'पँडेमिक' आला, ज्यात सर्व खेळाडू एका बाजूस आणि रोगाची साथ दुसऱ्या बाजूस असते. एकमेकांस हरविल्याखेरीजही डाव रंगू शकतो, हे त्याने असंख्य घरांस पटवून दिले.

हे खेळ इलेक्ट्रॉनिक सिटीस कसे पोहोचले, याचे उत्तर त्या वसाहतीच्या जडणघडणीतच आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ साली आपले ठाणे बेंगळुरूस हलविले, आणि १९९० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटीत आपले विस्तीर्ण आवार उभारले. विप्रो आणि इतर कंपन्याही तेथे आल्या. त्यांच्यामागून पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथून निघालेली मराठी मुले-मुली कोनप्पन अग्रहार, नीलाद्री नगर, दोड्डतोगूर या भागांतील पीजींत आणि भाड्याच्या सदनिकांत राहू लागली. मूळ शहर दूर, आणि सिल्क बोर्डच्या चौकातील वाहनांची कोंडी पार केल्याखेरीज नाटक नाही की गाण्याची बैठक नाही. २०१० साली सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला झाला, आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाले; पण दरम्यानच्या काळात या लोकांना आपली करमणूक आपल्या दिवाणखान्यातच शोधावी लागली. कंपनीच्या कामावर अमेरिकेस किंवा जर्मनीस 'ऑनसाइट' गेलेला मित्र परत येताना सामानात एखादी पेटी घेऊन येई, आणि ती पेटी पुढे घरोघर फिरे. लहानपणी सुट्टीत 'व्यापार' खेळून वाढलेल्या या पिढीला, पैशाने इतरांस कंगाल केल्याशिवायही व्यापार खेळता येतो, हे कतानने प्रथमच दाखविले.

अशा बैठकीचे स्वरूप थोडक्यात नोंदवितो. एक जण रूलबुक आधीच वाचून येतो आणि बाकीच्यांस समजावून सांगतो. त्याचे हे काम सर्वांत जोखमीचे, कारण नियम चुकीचा सांगितला गेला तर त्या खेळाविषयीचा निवाडाही चुकतो. डाव संपला की मीपल, म्हणजे माणसांच्या आकाराच्या सोंगट्या, आणि पत्ते पिशव्यांत भरता भरता चर्चा सुरू होते. नशीब आणि युक्ती यांचे प्रमाण काय? पेटीवर लिहिलेल्या वेळेत डाव आटोपला का? तिघांत जो रंगतो तो पाच जणांत रेंगाळतो का? विषय आणि यंत्रणा एकजीव झाली आहे, की वर नुसता मुलामा आहे? एखादी युक्ती इतकी प्रबळ तर नाही की ती सापडताच बाकीचे मार्ग निरर्थक व्हावेत? विचार करकरून एखाद्याचे डोके चालेनासे होते, त्यास ही मंडळी 'अ‍ॅनालिसिस पॅरालिसिस' म्हणतात; तो दोष खेळाडूचा की रचनेचा, यावर तर मोठे वाद झडतात. मग दहापैकी गुण दिले जातात, आणि चांगला परीक्षक त्या गुणांपुढे कारण लिहितो. संगणकप्रणालीतील दोष हुडकण्याची ज्यांस रोजची सवय, त्यांच्या हाती हे काम विशेष नेटके उतरते. कारण नियमांची संहिता म्हणजे शेवटी अटी आणि अपवाद यांची शिस्तबद्ध मांडणीच असते.

मला या परीक्षणांत मनोरंजनापलीकडचे काही दिसते. प्यादेमातीचा मान करणाऱ्या आमच्या ओसरीवरील पंचायतीला जे जमले नाही, ते येथे घडते आहे: निवाडा लिहिला जातो आहे. एकदाच खेळून दिलेला कौल कच्चा असतो, म्हणून तो खेळ निरनिराळ्या माणसांबरोबर पुनः मांडावा. हरलो म्हणून खेळ वाईट ठरत नाही आणि जिंकलो म्हणून उत्तम ठरत नाही, हे स्वतःस बजावावे. आवडनिवड आणि गुणदोष वेगळे लिहावेत. हे सारे संकेत या मित्रमंडळ्यांनी अनुभवाने घडविले आहेत, आणि ते कोणत्याही कलेच्या समीक्षकास भूषणावह ठरतील असे आहेत.

तथापि हे कार्य अर्धेच झाले आहे. आपल्या देशात नवे खेळ रचले जाऊ लागले आहेत. मुंबईच्या झेन मेमन यांचा निवडणुकीच्या राजकारणावरील 'शासन' २०१९ साली लोकवर्गणीतून उभा राहून देशोदेशी पोहोचला. बेंगळुरूत 'कवडे' आणि चेन्नईत 'क्रीडा' यांसारख्या संस्था जुने पट पुनः घडवून देतात. कन्नड घरांतील अळगुळी मणे, आमच्याकडील वाघ-बकरी, कवड्यांचे पट यांचे नियम मात्र अजून पुष्कळ अंशी वृद्ध माणसांच्या स्मरणातच आहेत, आणि गावागणिक ते भिन्न आहेत. इलेक्ट्रॉनिक सिटीतील ज्या मुलामुलींनी परक्या खेळांची इतक्या साक्षेपाने पारख केली, त्यांनी दिवाळीच्या रजेत गावी गेल्यावर आजीसमोर पट मांडावा. दान कसे मोजतात, सोंगटी कधी मरते, जोडीदाराने काय करावयाचे, हे विचारून लिहून घ्यावे. तो डाव इतक्याच कठोरपणे चार मित्रांबरोबर खेळून पाहावा. आणि त्यात जे उत्तम आहे ते उत्तम, जे कंटाळवाणे आहे ते कंटाळवाणे, असे कारणांसह मराठीत लिहावे. सोमेश्वराने आणि हरिकृष्णाने एकेकट्याने जे केले, ते आज शेकडो हातांनी होऊ शकते, आणि ते करण्याची पात्रता असलेली पिढी आपल्यात आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.